देवचाराची कॅसेट

२००२ चा शिमगा आटपला आणि माझा थोरला भाऊ काशीराम गावच्या राईतल्या देवचाराचं, म्हणजे तिथल्या राखणदार भुताचं, शूटिंग करायला निघाला. एरवी तो रत्नागिरीत लग्नांचं शूटिंग करायचा. बॅटऱ्यांची पिशवी धरायला वहिनीला सोबत नेलं. संध्याकाळी वहिनी एकटीच रडत परतली. "मी पऱ्ह्यावर पाणी प्यायला थांबले, हे पुढं गेले ते दिसलेच नाहीत," एवढंच सांगत राहिली.

दादा सापडला नाही. दरीच्या तोंडाशी कॅमेरा तेवढा सापडला.

ती कॅसेट मी घरच्या टीव्हीवर पुन्हा पुन्हा लावली. नुसता पाचोळा, कातळ आणि दादाची चिडचिड. "पाय तुटेस्तोवर चाललो, काय एक दिसत नाय!" देवचाराची सावलीही नाही. शेवटी मात्र दरीच्या बाजूने वहिनीची हाक येते, "काशीराम, हिकडं ये! काशीराम!"

"अगं, तिथं कशी पोचलीस? आलो, आलो," दादा म्हणतो. कॅमेरा आवाजाकडे वळतो, हिंदकळतो आणि चित्र जातं.

माझं डोकंच फिरलं. "वहिनी, आवाज तुझाच आहे! तूच त्याला दरीकडं बोलावलंस. आता तरी खरं बोल!"

वहिनी रडायची थांबली. टीव्हीकडे बघत हळूच म्हणाली,



"भावोजी, लग्नातल्या उखाण्यानंतर ह्यांचं नाव माझ्या तोंडून कधी ऐकलंत?"