नक्षीचा क्लॅम्प

काउंटरवर तीन नवे पाईप मांडून मिस्त्री म्हणाला, "निवडा साहेब." पण साहेबांना नव्यातला कुठलाही चालणार होता. त्यांचा जीव अडकला होता गाडीतल्या जुन्या पाईपात.

"हा ॲल्युमिनियमचा, हा स्टीलचा, हा सिलिकॉनचा," मिस्त्री पढवल्यासारखा सांगत होता. "टर्बोतून हवा निघते ती तापलेली. ती कूलरमध्ये निववायची आणि मग इंजिनाला पाजायची. मधली वाट म्हणजे हा पाईप. वाट मोकळी असली की गाडी कशी सुटते बघा."

"कुठलाही बसवा, पण लवकर. आणि जुना मला आहे तसा परत द्या. त्याला हात लावायचा नाही."

"हात न लावता काढू कसा?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. गाडीत त्यांच्या सासूबाई मांडीवर डॉक्टरांची फाइल घेऊन बसल्या होत्या. सासूबाई लेकीकडेच राहायच्या, आणि इथून पुढे या गोष्टीत हे साहेब म्हणजे नुसते जावई. त्यांची लायकी तेवढीच होती.

दोन महिन्यांपूर्वी याच मिस्त्रीने फोनवर जावयाला जुन्या पाईपाचं माप विचारलं होतं. घरात टेप सापडेना. बेसिनपाशी सासूबाईंची सोन्याची बांगडी दिसली. जावयाने इंजिनावरची रबरी नळी सोडवली, बांगडी पाईपाच्या तोंडावर बाहेरून धरली आणि जरा दाबली. काठाच्या उंचवट्यावरून ती टकदिशी पाईपावर चढली आणि मागे यायचं नाव घेईना. साबण झाला, तेल झालं, दोन नखं गेली. शेवटी वरून काळी चिकटपट्टी गुंडाळून त्याने नळी जोडली, बॉनेट लावलं आणि हात धुवायला घरात आला. तोवर बेसिनपाशी घरातली सगळी माणसं जमली होती.

"मी इथेच ठेवली होती," सासूबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जावयानेही पाहिलं.

उद्या सांगू, परवा सांगू करता करता सासूबाई विसराळू ठरल्या आणि त्यांच्या कमरेच्या किल्ल्या गेल्या. मग गॅस पेटवायला बंदी झाली. मग घरातली माणसं त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागली. आज स्मरणशक्तीची तपासणी होती. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं. सासूबाईंनी बाराही आकडे जिथल्या तिथे मांडले, काटे काढले, आणि जावयाकडे वळून विचारलं, "बरोबर आहे ना हो?"

तिथून जावई तडक इथे आला होता. जुना पाईप घरी न्यायचा, बांगडी सोडवायची आणि संध्याकाळी पलंगाखाली सापडवायची. बेत चोख होता.

मिस्त्री बॉनेट उघडायला गेला, तशा सासूबाई गाडीतून उतरल्या.

"आई, तुम्ही बसा ना आत."

"आत उकडतंय." त्या काउंटरशी आल्या. एकेक पाईप उचलून त्यांनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. "हा पातळ आहे, लगेच पोचा येईल. हा घ्या. अंगाने जाड आहे." मग एकदम हात मागे घेतला. "नाहीतर तुम्हीच बघा बाई. माझं हल्ली काही खरं नाही."

जावयाने तिन्ही पाईप पुन्हा सरळ रेषेत लावले. ते आधीच सरळ होते.

"साहेब," बॉनेटखालून मिस्त्रीने हाक मारली, "हे काय लावलंय?"

इंजिनाच्या धगीने चिकटपट्टी पाघळून लोंबत होती. मिस्त्रीने पाईप सोडवला, दुसऱ्या टोकाने ती पिवळी वस्तू सहज काढली आणि फडक्याने पुसून उजेडात धरली.

"नळी आवळायचा क्लॅम्प? आणि नक्षीचा? वीस वर्षं झाली मी क्लॅम्प आवळतोय, पण असला नाही पाहिला."

जावयाने तोंड उघडलं. काय बोलायचं ते ठरायच्या आधीच ते बोलून मोकळं झालं. "परदेशी आहे. खास मागवलाय."

"पण हा काही धरत नाही साहेब. नुसताच शोभेचा."

"बघू," सासूबाई म्हणाल्या.

"गरम आहे हो आजी."

"असू दे."

त्यांनी चष्मा वर केला. नक्षीवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबवला, पुन्हा फिरवला. मग इंजिनाकडे पाहिलं. मग जावयाकडे. जावई भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीतला बारीक मजकूर वाचत होता. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या.

सासूबाईंनी पंजा आवळून ती वस्तू हातात सरकवली. मनगटावर एक गोरा पट्टा उरला होता, तिथे ती जाऊन बसली.

"परदेशी असून माझ्या मापाचा निघाला," त्या मिस्त्रीला म्हणाल्या.

मिस्त्री हसला. हसता हसता त्याने जावयाकडे पाहिलं आणि फडकं घेऊन उगाच बॉनेट पुसायला लागला.

"आई..." जावई म्हणाला.

"पाईप तो जाडच घ्या," सासूबाई म्हणाल्या आणि गाडीकडे निघाल्या. दार उघडून, आत बसून, फाइल पुन्हा मांडीवर घेतली. मग काच खाली केली. "आणि हा क्लॅम्प कुठे होता ते घरी गेल्यावर सगळ्यांना तुम्हीच सांगा, जावईबापू. मी विसरेन."