टाकीतला मोरचूद

निरंजनने औषधाच्या बाटलीचं झाकण उघडलं, तशी द्वारकाबाईंनी पाणवनस्पती लावलेल्या काचेच्या टाकीवर तळहात आडवा धरला. "माझ्या कोळंब्यांच्या पोटाशी अंडी आहेत. हे ओतायचं नाही."

"आई, गोगलगायींनी सगळी काच भरलीय. दुकानदार म्हणाला, कोळंब्यांना काही होत नाही. तुला बाटलीवरचं नाव तरी वाचता येतं का?"

"नाव नाही येत, पण हा निळा रंग ओळखते. मोरचूद आहे हा. माहेरी पोफळींवर फवारायचे. उरलेला एकदा वहाळाच्या पाण्यात ओतला, तर संध्याकाळी कोळंब्या उताण्या तरंगत होत्या. तू शिकलेला ना? मग वाच की."

निरंजनने चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली, "कॉपर सल्फेट. कोळंबी असलेल्या टाकीत वापरू नये," आणि झाकण घट्ट बसवलं.

द्वारकाबाईंनी उकडलेल्या दोडक्याची चकती पाण्यात सोडली. तासाभरात ती गोगलगायींनी काळी झाली. चिमट्याने उचलून त्यांनी ती मुलाच्याच हातावर ठेवली.

"हे रोज करायचं. आणि मुठीमुठीने खाणं टाकणं बंद. उरलेलं कुजतं, त्यावर ही पिलावळ वाढते. गोगलगायी पोसल्या तू, आणि मरायचं माझ्या कोळंब्यांनी?"