निघायची तारीख

"बॉयलर आम्ही नेणार," कर्नल झुबोव म्हणाला आणि त्यानं खारट चहाचा तिसरा वाडगा रिकामा केला. बादार्चनं लगेच चौथा भरला.

छावणीतल्या खुर्च्या केव्हाच आगगाडीत चढल्या होत्या. म्हणून मंगोलियातून रशियन फौजेच्या माघारीची बोलणी तालुक्याचा प्रमुख बादार्च याच्या घरी, लोकरी नमद्याच्या तंबूत चालली होती. सगळा घोटाळा तिथंच झाला. राजधानीचा हुकूम होता, छावणीतला बॉयलर ठेवून घ्या आणि फौज कधी निघणार ती तारीख लिहून घ्या. गावची शाळा त्याच बॉयलरवर तापायची. मागच्या हिवाळ्यात तो दोन दिवस बंद पडला, तर वर्गात शाईच्या दौती गोठल्या आणि पोरं आजारी पडली.

पण घरात बसलेल्या पाहुण्याला 'कधी निघताय?' असं विचारायचं कसं? मंगोल माणसाची जीभच रेटत नाही. पाहुणा तेवीस वर्षं राहिलेला असला म्हणून काय झालं!

मग पहिल्या दिवशी बादार्चनं कर्नलच्या गुरांची खुशाली विचारली. कर्नलकडे गुरं कुठली? तेव्हा रणगाड्यांची विचारली. दुसरा दिवस हवापाण्यात गेला. तारखेचं नाव नाही. झुबोवला वाटलं, म्हातारा चांगलाच मुरलेला आहे, ताणून धरतोय. त्यानं न्यायच्या यादीतून बराकींच्या खिडक्या सोडल्या. मग दारं सोडली. बॉयलर मात्र सोडेना.

आज तिसरा दिवस. बादार्चची बायको दुलमा शाळेत मास्तरीण होती. तिनं नवऱ्याला बाहेर गाठलं.

"अहो, थंडी तोंडावर आलीय. आता विचारताय, की मी विचारू?"

"विचार की."

दुलमा दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तिच्याच्यानंही ते झालं नसतं.

बादार्च आत आला. मनाचा हिय्या करून त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "थोडं मटण घ्या ना आणखी."

झुबोवचा धीर सुटला. त्यानं करार पुढे ओढला, खरखर लिहिलं आणि वाचून दाखवलं. बॉयलर इथंच राहील. फौज पंधरा सप्टेंबरला निघेल. "झालं समाधान?"

बादार्चला आनंदानं भरून आलं. पण पाहुणा निघतो म्हणाला की यजमानानं जे म्हणायचं असतं, ते तोंडातून आपसूक निघून गेलं.

"इतकी काय घाई? राहा की आणखी चार दिवस."

कर्नल त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं कागद पुन्हा पुढे ओढला आणि खाली लिहिलं, जनरेटरही इथंच राहील.