सासरे वारल्याची रजा

सुनावणी फोनवर होती, तरी शार्दूलने टाय लावला. मग आवाजात दुःख आणायचा सराव म्हणून तो पुन्हा पुन्हा घसा खाकरू लागला. जेवणाच्या टेबलापाशी बसलेली पद्मिनी आपल्या नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. तिच्या बाबांना आतल्या खोलीत दार लोटून बसवलं होतं. "ऑफिसचा कॉल आहे, जरा आवाज करू नका," एवढंच त्यांना सांगितलं होतं.

मार्चमध्ये सासरे वारल्याचं सांगून शार्दूलने रजा घेतली आणि मित्रांबरोबर लास व्हेगास गाठलं. घरी सांगितलं, ट्रेनिंग आहे. पद्मिनीला कळलं ते ऑफिसकडून फुलं आली तेव्हा. सांत्वनाचं कार्ड तिने घाईघाईने फाडलं. फुलं मात्र नागपूरहून आलेल्या बाबांनी स्वतः पाण्यात ठेवली. "किती चांगली माणसं आहेत गं तुमच्याकडे!" म्हणाले.

पुढे ते राहत त्या अर्विंग गावातल्याच इंडियन ग्रोसरीत शार्दूलचा मॅनेजर भेटला. बाबांनी मोठ्या अभिमानाने हात पुढे केला. "आय ॲम शार्दूल्स फादर-इन-लॉ!"

नोकरी गेली. बेरोजगार भत्ता सुरू झाला, पण कंपनीने अपील केलं. खोटं बोलून रजा घेणं हे गैरवर्तन. ते सिद्ध झालं की भत्ता बंद. घरभाडं त्यावरच भागत होतं. म्हणून पद्मिनी साक्षीला तयार झाली होती.

"मॅडम, दुकानात भेटले ते माझ्या बायकोचे काका," शार्दूल स्पीकरवर सुनावणी अधिकारी बाईंना पटवत होता. "आमच्या कल्चरमध्ये काकांनाही फादर-इन-लॉच म्हणतात."

पद्मिनीला शिसारी आली. याच जिभेवर भाळून आपण लग्न केलं होतं.

बाईंनी तिला शपथ दिली. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मिसेस हर्डीकर, तुमच्या वडिलांचं ऐकून फार वाईट वाटलं. सावकाश सांगा. कधी गेले ते?"

शार्दूलने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने पाय मागे घेतला. त्या परक्या बाईला तिच्या बाबांसाठी खरंच वाईट वाटत होतं.

"गेलेले नाहीत," पद्मिनी म्हणाली. "आतल्या खोलीत बसलेत. बोलावू का?"

फोन बंद झाल्यावर शार्दूल भडकला. "गेला ना भत्ता! आतापर्यंत दिलेलाही परत मागतील. फोनवरच्या शपथेचं एवढं काय गं?"

"एक सांग," ती शांतपणे म्हणाली. "तुझे बाबाही आहेतच की पुण्याला. त्यांचं नाव का नाही सांगितलंस?"

शार्दूल दचकला.

"शी! काय वाट्टेल ते बोलतेस," तो म्हणाला. "स्वतःच्या वडिलांबद्दल असं अभद्र बोलतं का कुणी?"