थडग्यावरचं पाणी

वसईच्या किल्ल्यात छप्पर नसलेलं एक चर्च आहे. तिथल्या फरशीतच जुनी थडगी आहेत. त्यांवरची पोर्तुगीज अक्षरं झिजली आहेत. पाणी ओतलं की तेवढ्यापुरती उठून दिसतात. किल्ला दाखवणारा श्रीरंग दर रविवारी हेच करतो. आधी सगळ्यांना बाजूला करतो. "दगडावर पाय नको, खाली माणूस आहे."

त्या सकाळी आम्ही सहा जण होतो. त्याने बाटली उपडी केली. पाणी दगडभर पसरलं, अक्षरं वर आली. फक्त आमच्या बाजूच्या कडेला दोन जागा कोरड्या राहिल्या. दोन अनवाणी पावलं, बोटं आमच्याकडे.

"मेण सांडलं असेल," आचोळ्याहून आलेल्या मनोरमाताई म्हणाल्या. "मेणबत्त्या लावत असतील कुणी."

श्रीरंगने उरलेलं पाणी तिथेच ओतलं. ते पावलांना वळसा घालून गेलं.

"आजवर असं झालं नव्हतं," तो म्हणाला.

मग डाव्या पावलाच्या जागेत पाणी शिरलं. दगडाबाहेरच्या कोरड्या फरशीवर, आमच्या पुढ्यात, एक ओलं डावं पाऊल उमटलं.

मनोरमाताईंनी पदर सावरला आणि गर्दीत कुणाला वाट द्यावी तशा किंचित बाजूला सरकल्या.