प्रुफवाल्या बाईची पोर

बी.ए. झालेली तारा चार वर्षांच्या शैलाला मांडीवर घेऊन घरीच प्रुफं तपासायची. मासिक हिंदी, विदर्भातल्या बोहरा आणि पारशी दुकानदारांचं. चूक सुटू नये म्हणून ती जाहिरातीसुद्धा मोठ्यांदा वाचायची.

एकदा इतवारी बाजाराच्या गर्दीत शैलाचं बोट सुटलं. तासभर गल्ल्या पालथ्या घालून तारा रडतच मासिकाच्या कचेरीत शिरली, तर संपादक कुतुबभाईंच्या टेबलावर पोर मांडी घालून पेढा खात बसलेली!

"कहां कहां फिरी आपकी बेटी!" कुतुबभाई हसत सुटले. "घर कुठं विचारलं, तर म्हणे लोखंडवाला अँड सन्स, लोहा ओळी. लोकांनी तिथं पोचवली. ते म्हणाले, आमची नाही. मग म्हणे मिस्त्री सायकल मार्ट, गांधीबाग. फोन नंबर भी बता दिया! चार दुकानं झाल्यावर सोबत फिरणारे मिस्त्रीशेठच बोलले, आमचे इतके पत्ते पाठ म्हणजे ही प्रुफवाल्या बाईचीच पोरगी. अन् इथं आणून सोडली."

तारानं तिला घट्ट छातीशी धरलं. "आपल्या घरचा पत्ता काहून नाही सांगितला वं?"

"तो तू कधी वाचतच नाहीस."

पुढच्या महिन्याच्या प्रुफांत एक नवी जाहिरात आली. तिच्यात ना दुकान, ना माल. चौकटीत फक्त एवढंच: 'कुमारी शैला श्रीधर पांढरीपांडे, दुसरी गल्ली, चिटणीस पार्कमागे, महाल.' बाजूला कुतुबभाईंच्या अक्षरात शेरा होता: 'पाठ होईपर्यंत प्रूफ परत पाठवू नये.'