तान्ह्यालाही एक हंडा

उतारावरच्या भेगेकाठी ठोकलेली खुंटी पुन्हा सरकली. ताईनं मोजायची टेप लावली आणि तोंडातली पेन्सिल कचकन चावली. सकाळपासून भेग वाढत होतीच. आता तिचा वाढण्याचा वेगही वाढत होता.

वर कचऱ्याचा डोंगर, खाली गल्ली, आणि मधे ताई आणि तिची धाकटी बहीण. आठवडाभर डोंगर पेटला होता. विझवायला बंबांनी ओतलेलं पाणी आत मुरलं आणि सगळा ढीग भिजलेल्या गादीसारखा जड झाला. खालच्या नळांना मात्र तेव्हापासून थेंब नव्हता.

"भौतिकशास्त्र सांगतं, हा घसरणार," कागदावर रेघ ओढत ताई म्हणाली. "गणित सांगतं, अंधार पडायच्या आत. पण ह्या माणसांना हलवायचं कसं, हे कुठला विषय सांगतो गं?"

भोंग्यावर ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. कॅरमवरची पोरं मान वर करत नव्हती. "ताई, गेल्या महिन्यातही पडणार होता ना? विसरला वाटतं बिचारा!" कोपऱ्यावरच्या काकूंनी तर दारातच बैठक मारली. "मी गेले तर घर कोण सांभाळणार? तुझं गणित?" पालिकेत फोन लावला, तर साहेब मीटिंगमध्ये.

ताईनं मागं वळून पाहिलं. धाकटी गायब.

"ह्या कार्टीला आत्ताच उंडारायचं होतं!"

खुंटी आडवी झाली. वरून एक फाटका टायर टणाटण उड्या मारत आला आणि काकूंच्या भिंतीवर आदळला. काकूंनी पोरांनाच शिव्या घातल्या.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला आरोळी उठली. "टँकर आला! शाळेच्या मैदानावर! डोकी मोजून देतायत, तान्ह्यालाही एक हंडा!"

गल्ली उसळलीच. सोंगट्या उधळल्या. हंडे, बादल्या, डबे, जे हाताला लागेल ते. झोपलेली बाळं खांद्यावर पडली. काठी टेकत आजोबा निघाले. काकूंनी सासूबाईंना खुर्चीसकट उचलायला लावलं. "धरा रे नीट! तेवढाच एक हंडा जास्त!"

ताई बघतच राहिली. मग तिनं घराघरात डोकावलं. कुणी म्हणजे कुणी नव्हतं. ती जीव खाऊन धावत सुटली.

मैदानाच्या फाटकात पोचली आणि मागं जमीन गुरगुरली. सगळे वळले. धूळ खाली बसली तेव्हा गल्ली नव्हती, काकूंचं दारही नव्हतं.

काकू रिकामा हंडा कमरेवर घेऊन तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"अगं, पण टँकर कुठाय?"

फाटकाला टेकून धाकटी धापा टाकत होती. ओरडून तिचाही घसा पार बसला होता. ताईनं तिला घट्ट जवळ ओढलं.

"हिच्या डोक्यात होता, काकू."